पत्रा ठोकणारा राहिलाच

महोदय,

तुमच्या हॉट रॉडवरच्या, म्हणजे जुन्या मोटारी कापून-बदलून वेगवान केलेल्या गाड्यांवरच्या लेखात १९३२ च्या फोर्डचं व्ही-८ इंजिन आलं, कॅलिफोर्नियातल्या सुक्या तळ्यांवरच्या शर्यती आल्या. पत्रा ठोकणारा मात्र राहिला. मी स्वतः डेंटर, म्हणून खटकलं. अशा गाडीचं छप्पर कापून खाली बसवणं ऐकायला सोपं. पण छपराचे खांब तिरके असतात, कापले की वरचे-खालचे तुकडे जुळत नाहीत. मग छपरातही जोड घालावा लागतो. सांधा शक्यतो गॅस वेल्डिंगनेच जोडावा. तो मऊ राहतो, मागे डॉली (हातात मावणारा लोखंडी ठोकळा) धरून ठोकता येतो. जास्त ठोकलात तर पत्रा ताणला जातो, दाबला की डबडब वाजतो! मग तापवून आक्रसवत बसा. पत्रा सरळ न करता वर पुट्टी थापणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. बारीक उंचवटा डोळ्याला दिसत नाही, डोळे मिटून तळहात फिरवला की लागतो.

– एक निवृत्त डेंटर