ड्रेस्डेनहून पत्र : वेटिन घराण्याची गादी

ड्रेस्डेन

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

इथल्या राजवाड्याच्या एका बाहेरच्या भिंतीवर सॅक्सनीवर राज्य केलेल्या वेटिन घराण्याची मिरवणूक आहे. माइसेनच्या चिनी मातीच्या सुमारे २३,००० फरशांवर, १०२ मीटर लांबीत, ३५ राज्यकर्ते घोड्यांवरून एकामागून एक निघालेले दिसतात. पाहणाऱ्याला वाटावे, गादी बापाकडून मुलाकडे सरळ चालत आली. पण खरा इतिहास वाटण्यांचा आणि भाऊबंदकीचा आहे, आणि तुम्हांला तोच अधिक आवडेल.

१४५५ मध्ये कुन्झ फॉन काउफुंगेन या सरदाराने आल्टेनबुर्गच्या किल्ल्यातून दोन राजपुत्रांना पळवून नेले; एर्न्स्ट चौदा वर्षांचा होता आणि आल्ब्रेख्ट अकरा. मुले सुखरूप परतली, काउफुंगेनचा शिरच्छेद झाला. वडिलांच्या मागे या भावांनी वीसेक वर्षे एकत्र कारभार केला आणि १४८५ मध्ये लाइपझिगला राज्य वाटून घेतले. थोरल्याने वाटे पाडले, धाकट्याने आधी उचलला. आल्ब्रेख्टने माइसेनचा मुलूख घेतला. एर्न्स्टकडे थुरिंगियाचा बराच भाग आणि सम्राट निवडण्याचा मान असलेले इलेक्टरपद राहिले. एकसंध राहते तर जर्मनीत यांच्या तोडीचे घराणे क्वचितच उरले असते, म्हणून ही वाटणी मला फार मोठी चूक वाटते.

तिचे फळ १५४७ मध्ये दिसले. आल्ब्रेख्टचा नातू मोरिट्झ स्वतः प्रॉटेस्टंट असूनही कॅथलिक सम्राट पाचव्या चार्ल्सच्या बाजूने गेला. म्युलबेर्गच्या लढाईत एर्न्स्टचा नातू योहान फ्रीड्रिख कैद झाला आणि इलेक्टरपद मोरिट्झच्या हाती आले. मोरिट्झला मुलगा उरला नव्हता, त्यामुळे १५५३ मध्ये तो रणात पडल्यावर भाऊ आउगुस्ट गादीवर बसला.

पुढे याच घराण्यातल्या 'बलाढ्य' म्हटल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका आउगुस्टलाही गादी भावामुळेच लाभली. थोरला भाऊ १६९४ मध्ये देवीच्या आजाराने वारला. तीन वर्षांनी पोलंडचा मुकुट मिळावा म्हणून या आउगुस्टने ल्यूथरचा प्रॉटेस्टंट पंथ सोडला. भिंतीवर त्याच्या घोड्याच्या टापेखाली एक गुलाब आहे. तो ल्यूथरच्या चिन्हातला, असे इथे सांगतात.

१८०६ मध्ये सॅक्सनीला राजपद मिळाले. तेव्हापासून १९१८ पर्यंत झालेल्या सात राजांपैकी फक्त दोघे आपल्या वडिलांमागून गादीवर आले. बाकी वारसा भावाकडे किंवा पुतण्याकडे गेला. १९१८ च्या नोव्हेंबरात पदत्याग करणारा शेवटचा राजा या चित्रात नाही, कारण मिरवणूक त्याच्या वडिलांपाशी, १९०४ मध्ये वारलेल्या गेओर्गपाशी संपते.

एर्न्स्टच्या वंशजांनी मात्र वाटण्या थांबवल्याच नाहीत. राज्याचे इतके तुकडे झाले की वायमार, कोबुर्ग, गोथा अशी चिमुकली संस्थाने उरली; पण कोबुर्गचाच राजपुत्र आल्बर्ट व्हिक्टोरिया राणीचा पती झाला. म्हणजे राणीच्या बागेत नेऊन ठेवलेल्या काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्ड आणि ज्याच्या भेटीची आठवण म्हणून गेटवे उभा राहिला तो पाचवा जॉर्ज, हे दोघे पितृवंशाने याच वेटिन घराण्याचे. जर्मनीशी युद्ध पेटल्यावर १९१७ मध्ये जॉर्जने सॅक्स-कोबुर्ग-गोथा हे नाव टाकून विंडसर हे नाव घेतले.

आईस नमस्कार सांगावा.

आपला,
सुहास