ताप अंगावर काढू नकोस

चि. ईशान यास अनेक आशीर्वाद.

तू रविवारी गेलास आणि तुझ्या खोलीत टायलेनॉलची, त्या तापाच्या गोळ्यांची, रिकामी बाटली सापडली. मनूने मग सगळं सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस.

तापाबद्दल बोलायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय. दुसरंच सांगतो. आपल्या रॉकफर्डच्या ग्रीनवुड दफनभूमीत रॉस बार्न्स आहे. बेसबॉलमधला जुना खेळाडू, तुझ्यासारखाच सेकंड बेसवाला. पोरवयात इथल्या फॉरेस्ट सिटी संघात अल स्पाल्डिंगबरोबर खेळला, १८७१मध्ये दोघं बोस्टनला गेले. तेव्हा ग्लोव्ह कुठले, उघड्या पंजांनी चेंडू अडवायचे! १८७६मध्ये, नॅशनल लीगच्या पहिल्याच मोसमात, शिकागोकडून त्याची फलंदाजीची सरासरी .४२९. लीगमधला पहिला होमरनही त्याचाच.

चेंडू रेषेच्या आत टप्पा घेऊन गिरकी मारत बाहेर पळाला तरी तेव्हा फेअर, म्हणजे वैध फटका, धरायचे. असा फटका मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. १८७७मध्ये नियम बदलला आणि तो संपला, असं सांगतात. मला हे अर्धंच पटतं. त्याच वर्षी त्याला थंडीतापाने गाठलं. मोसमात जेमतेम २२ सामने. आजारपणातला पगार क्लबने कापला, तो कोर्टात गेला, तिथेही हरला. पुढे सिनसिनाटी, पुन्हा बोस्टन, आणि १८८१मध्ये, एकतिसाव्या वर्षी, खेळ आटोपला.

बघ, आलोच शेवटी तापावर.

नानांनीही असंच अंगावर काढलं होतं. आपल्या घराण्यात दुखणं लपवण्याची हौसच आहे. तुला शिष्यवृत्ती जाईल अशी भीती वाटते, कळतं मला. पण कोचला न सांगता गोळ्या गिळून मैदानात उतरणं हा मूर्खपणा आहे, शौर्य नव्हे. असो. रागावून लिहिलं, मनावर घेऊ नकोस.

कांजिण्या झाल्या होत्या तेव्हा तू गॅरेजच्या भिंतीवर चेंडू आपटत बसायचास. आई ओरडायची. मी आतून आवाज ऐकायचो; टप्पा, झेल, टप्पा, झेल. सुटलाच नाही कधी. तुला आत बोलवायला हवं होतं, पण उठवेना.

रक्त तपासून घे. रिपोर्ट आला की आत्याला पाठव, माझ्याआधी. शनिवारच्या सामन्यात तू नसावास असंच मला वाटतं. असलासच तर वेळ कळव, आम्ही दोघं पहाटे निघू.

तुझा,
बाबा