दमनकाला शिक्षा कुणी दिली? शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मानव्यविद्यांचा अभ्यासक्रम आखायला बसले की दोन कप्पे हमखास पडतात: ‘आपले’ आणि ‘जगाचे’. हे कप्पे मोडावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

पंचतंत्रातला दमनक आठवा. सिंह पिंगलक आणि बैल संजीवक यांच्या मैत्रीत हा कोल्हा विष कालवतो. संजीवक जिवानिशी जातो, दमनक मात्र मंत्रिपदावर! (आपल्या पदाचा उल्लेख आला तो निव्वळ योगायोग.) सहाव्या शतकात इराणच्या बुर्झोय या वैद्याने ही गोष्ट पहलवीत, म्हणजे तिथल्या जुन्या फारसीत नेली, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा या लेखकाने ती अरबीत आणली. त्याच्या ‘कलीला व दिम्ना’त एक अख्खे प्रकरण जादा आहे आणि अभ्यासक ते त्याचेच मानतात. त्यात दिम्नावर, म्हणजे आपल्या दमनकावर, खटला चालतो, साक्षी होतात, शिक्षा होते. अरबीतून पुढे हिब्रू, लॅटिन, स्पॅनिश करत ती युरोपभर गेली.

आता ही गोष्ट कुठल्या कप्प्यात घालणार? ‘मूळ आमचेच’ म्हणून छाती फुगवली की खटला हातचा जातो. आणि ‘सगळ्या संस्कृती शेवटी एकच सांगतात’ हे गुळमुळीत बोलणे तर त्याहून कुचकामी. त्या एकच सांगत नाहीत. गोष्ट तीच, पण धूर्ताचे काय करायचे यावर संस्कृत आणि अरबी पाठांचे पटत नाही. वर्गात शिकवायचे ते हे न पटणे.

उपनिषदांचेही तसेच. मोगल राजपुत्र दारा शुकोहने १६५७ मध्ये ती फारसीत आणवली, त्या फारसीवरून फ्रेंच अभ्यासक आंकतील-द्युपेराँने १८०१-०२ मध्ये लॅटिनमध्ये छापली आणि जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरने ती डोक्यावर घेतली. त्याने वाचली ती भाषांतराच्या भाषांतरातून.

म्हणून मागणी पैशांची कमी आणि माणसांची जास्त आहे. बुर्झोयचे पहलवी भाषांतर हरवले. त्याचा माग काढायचा तर त्यावरून झालेली सिरियाक (पश्चिम आशियातली एक जुनी भाषा) आणि अरबी भाषांतरे वाचणारेच लागतात. विद्यार्थी पाचच आहेत म्हणून अशा भाषांची पदे गोठवू नका. पटसंख्येचा निकष इथे लावला की ही विद्या एका पिढीत बुडते, आणि नंतर जाहिरात काढूनही शिकवणारा मिळत नाही.

बाकी मोठी समिती, जाडजूड अहवाल नको. पहिल्या वर्षी एकच पेपर ठेवा. त्यात एकच गोष्ट आणि तिचे चार भाषांतले पाठ शेजारी शेजारी.

आपला,
एक शिक्षक