अभिजितने दयावर गोळी झाडली, त्याबद्दल

रामबाग, इंदूर
16 डिसेंबर 2024

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

रतलामच्या प्रकारानंतर नऊ महिने मी तुला एक ओळही लिहिली नाही. चूक माझी, आणि तिच्याविषयी सध्या एवढेच. प्रकृती ठीक, साखर आहे तिथेच आहे.

‘सीआयडी’ मालिका येत्या शनिवारी, 21 तारखेला, रात्री 10 वाजता पुन्हा सुरू होते आहे, हे तुला ठाऊक असेलच. पण तू जाहिरात पाहिलीस का? अभिजित दयावर गोळी झाडतो! 1998 पासून 2018 पर्यंत, वीस वर्षे ज्या इन्स्पेक्टरांच्या जोडीवर आपण जीव टाकला, तिच्यात वैर आणण्याची बुद्धी यांना का व्हावी, या विचाराने मला दोन रात्री धड झोप नाही, आणि घरात हे सांगण्याची सोय नाही. कारण पटण्याजोगे असेल तर सोसेन. पण अभिजितची स्मृती पूर्वी एकदा गेलेली असल्यामुळे ती पुन्हा गेली असे सांगून लेखक मोकळे होतील, ही माझी खरी धास्ती आहे. डॉ. साळुंखे आणि एसीपी प्रद्युम्न यांची धुसफूस तीच राहू दे. फ्रेड्रिक्स मात्र आता नाही. ती भूमिका करणारे दिनेश फडणीस जाऊन या 5 तारखेला वर्ष झाले, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या कोणाला विनोद करायला उभे केले तर मी टीव्ही बंद करीन.

आपल्यात दारे तोडणारा दया तूच होतास. आमच्या मोरीचे दार तू खांद्याने मोडलेस, तेव्हा ते बाहेरच्या बाजूला उघडते हे आजी आतून ओरडून सांगत होती. त्या बिजागरीचा ओरखडा चौकटीवर अजून आहे. आणि 2004 च्या नोव्हेंबरातला तो 111 मिनिटांचा, एकाच सलग चित्रणाचा भाग आठव. मध्ये कुठेतरी कात्री लावलीच आहे, असे तू शपथेवर सांगत होतास. गिनीज बुकात त्याची नोंद झाली, तरी सराफ्यातल्या तळलेल्या गराडू कंदाची पैज तू चुकती केलेली नाहीस.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिरंजीवांच्या नोकरीचे कळले, आनंद झाला.

शनिवारी साडेनऊलाच फोन कर आणि भाग संपेपर्यंत ठेवू नकोस. मात्र पहिल्या दहा मिनिटांत खुन्याचे नाव सांगायचे नाही. गराडूचा हंगाम सुरू आहे.

तुझा,
मधू