सवलत घेणाऱ्याने पगारही नीट द्यावा

ब्राँक्स, न्यूयॉर्क

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा तुम्ही म्हणालात, एमआयडीसीत नवा कारखाना येतोय, सरकार त्याला सवलती देतंय, तेव्हा पोरांनी पगारावरून अडून बसू नये. फोनवर विषय अर्धाच राहिला. मला हे पटलेलं नाही, म्हणून लिहितोय.

इथे किंग्सब्रिज आर्मरी नावाची लाल विटांची जुनी लष्करी इमारत आहे. जेरोम अव्हेन्यूच्या डोक्यावरून जाणाऱ्या ट्रेनमधून तिचे गोल बुरूज दिसतात. तिथे मॉल व्हायचा होता आणि विकासकाला मोठी करसवलत मिळणार होती. वस्तीतले लोक, चर्चवाले आणि कामगार संघटना एकत्र आल्या. मॉलमधल्या दुकानांतल्या माणसांनाही तासाला किमान १० डॉलर आणि वर आरोग्य विम्यासारखे लाभ द्या, लाभ नसतील तर साडेअकरा, एवढीच त्यांची मागणी. तेव्हा किमान वेतन होतं ७.२५. म्हणजे चाळीस तास राबून आठवड्याला २९० डॉलर. मागणी मान्य झाली असती तर ४००. ब्राँक्समध्ये घरभाडं भरणाऱ्याला विचारा या फरकाची किंमत.

विकासक ऐकेना. डिसेंबर २००९ मध्ये सिटी कौन्सिलने ४५ विरुद्ध १ मतांनी योजना फेटाळली. महापौर ब्लूमबर्ग यांनी नकाराधिकार वापरला, तोही कौन्सिलने मोडून काढला.

मॉल गेला, नोकऱ्याही गेल्या, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. इमारत पुढे वर्षानुवर्षं रिकामी राहिली आणि वस्तीला त्याची झळ बसली. पण त्या भांडणातूनच २०१२ चा कायदा आला: शहराकडून १० लाख डॉलर किंवा जास्त मदत घेणाऱ्याने निर्वाह वेतन, म्हणजे घर चालेल इतका पगार, द्यायचा. तडजोडीत भाडेकरू दुकानं मात्र सुटली, म्हणजे ज्यांच्यासाठी लढा झाला तेच बाहेर! २०१४ मध्ये महापौर डी ब्लाझिओ यांच्या आदेशाने ती कायद्याच्या कक्षेत आली आणि लाभ नसलेल्यांचा दर तासाला १३.१३ डॉलर झाला.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई एका दुकानात दिवसभर उभ्या असतात, तरी महिनाअखेर किराणा फूड स्टॅम्पवर, म्हणजे गरिबांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीवर भरतात. अशा दुकानाला करसवलतही मिळाली, तर लोकांच्या खिशातून दोनदा पैसे जातात: एकदा मालकाला सूट म्हणून, एकदा त्याच्या कामगाराला जेवू घालायला.

आपल्याकडेही सवलतींबरोबर ऐंशी टक्के नोकऱ्या स्थानिकांना देण्याची अट असतेच ना? मग पगाराची का नको? घटनेच्या कलम ४३ मध्ये निर्वाह वेतनाचं उद्दिष्ट लिहिलेलंच आहे. आपला बाळू कंत्राटदाराकडे किती वर्षं राबतोय, ते तुम्ही रोज बघता.

पुढच्या ग्रामसभेत सरपंचांना एवढं विचाराच: कारखान्याला काय काय दिलं आणि कंत्राटी पोरांच्या पगाराबद्दल त्याच्याकडून काय लिहून घेतलं? बाळूच्या पगारपावतीचा फोटोही पाठवायला सांगा. आईला नमस्कार.

तुमचा,
सुनील