फाईल नको, वही मागा

महोदय,

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या राष्ट्रीय संस्थेची वरची श्रेणी कुणाला मिळाली, याच्या बातम्या आपल्या अंकात येत आल्या आहेत. अशी श्रेणी मिळालेल्या एका महाविद्यालयातून मी रुग्णालय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेतली. सध्या सोलापुरात एका खासगी रुग्णालयात गुणवत्ता विभाग बघते.

मूल्यांकनाचा मला फायदा झाला, हे आधी सांगते. प्रत्यक्ष कामाचे पुरावे लागणार म्हणून सरांनी आम्हाला घड्याळ-वही देऊन महिनाभर ओपीडीत उभं केलं. केसपेपर किती वाजता काढला, डॉक्टरांनी कधी तपासलं, औषध कधी हातात पडलं, एवढंच लिहायचं. विडी घरकुल या कामगार वसाहतीतल्या एका आजींनी पावणेनऊला केसपेपर काढला, औषध मिळालं सव्वा वाजता. त्यातला दीड तास त्या भलत्याच खिडकीसमोर उभ्या होत्या. त्यांना वाचता येत होतं, पण तेलुगू, पाट्या मराठी-इंग्रजीत. आम्ही तेलुगू आणि कन्नड पाट्या लिहून लावल्या. दोन वर्षांत याहून मोठं मी काही शिकले नाही.

मग नॅकची समिती यायची वेळ झाली. तीन आठवडे तास बंद, आम्ही फायली लावत बसलो. फायलीत आमचे ओपीडीतले फोटो गेले. वही कोणी मागितली नाही. श्रेणी मिळाली, फाटकावर फ्लेक्स लागला आणि पुढच्या तुकडीचं ओपीडीत जाणं थांबलं. आता मुलाखतीला येणाऱ्या मुलांना गुणवत्तेच्या व्याख्या पाठ असतात, पण जनआरोग्य योजनेतून उपचार करण्याआधीची मंजुरी कशी मागायची म्हटलं की गप्प होतात. मुलं हुशार आहेत हो, त्यांना खिडकीपाशी कोणी उभंच केलेलं नाही.

नॅकचं मूल्यांकन अख्ख्या संस्थेचं असतं, एका अभ्यासक्रमाचं नव्हे. अमेरिकेत आरोग्य व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना सीएएचएमई ही वेगळी संस्था मान्यता देते. विद्यार्थ्याला काय करता यायला हवं आणि ते तपासलं कसं, हे तिथे दाखवावं लागतं. आपल्याकडे रुग्णालयं तपासणाऱ्या एनएबीएचचीही रीत अशीच आहे. आमच्याकडे आलेल्या तपासनीसांनी फाईल मिटून वॉर्डातल्या मावशींनाच विचारलं, रक्ताने भिजलेला कापूस कुठल्या पिशवीत टाकता? मावशींनी पिवळी पिशवी उचलून दाखवली.

महाविद्यालय तपासणाऱ्या समितीनेही दोन मूल्यांकनांच्या मधल्या एखाद्या वर्षी न कळवता यावं, दोन विद्यार्थ्यांना जवळच्या ओपीडीत न्यावं आणि तासाभराने त्यांची वही बघावी.

— एक रुग्णालय प्रशासक, सात रस्ता, सोलापूर