काका, मदरबोर्डसाठी मनापासून आभार

काका, नमस्कार.

त्या दिवशी मदरबोर्डाचा सल्ला दिल्याचे तुम्ही पैसे घेतले नाहीत, आणि थँक्यू म्हटलं तर "चल गो बाय, पाऊस भरलाय, घरी जा आधी" म्हणून पाठवून दिलंत. ते मनात राहून गेलंय. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. नाव लिहू नको म्हणालात, ते पाळतेय.

गेल्या ऑक्टोबरात परतीच्या पावसात एक वीज कडाडली आणि माझा जुना पीसी गेला. आधी नेट बंद पडलं, मग आठवड्याभरात मशीन चालूच होईना. नवीन बनवायचा ठरवला तर दोन सीझन आंब्याच्या पेट्या भरून आणि शिकवण्या घेऊन जमवलेले ८५ हजार होते, त्यातला एकेक रुपया कुठून आलाय ते मला माहितीय. सहा महिने व्हिडिओ बघून बघून लिस्ट केली होती, प्रोसेसर ठरला, ग्राफिक्स कार्ड साधारण ठरलं, मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डावर, मात्र गाडी अडली होती. शेवटी एक्स६७०ई चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरच्या भागांचा कारभार बघणारी चिप) २७ हजारांचा बोर्ड लिहिला, कारण सगळे म्हणत होते बोर्डात कंजूषी करू नका.

जूनमध्ये तुमच्याकडे आले तेव्हा मासेमारीची बंदी लागलेली, बोटी सगळ्या वर ओढलेल्या, आणि तुमच्या टेबलावर हर्णैच्या अर्ध्या बोटींचे फिशफाइंडर (मासे शोधायची यंत्रं) नि वायरलेस सेट उघडून पडलेले. वर्षभराची दुरुस्ती याच दोन महिन्यांत करायची असते तुम्हाला, तरी सोल्डरिंग गन खाली ठेवून माझा कागद हातात घेतलात. कुठल्या कंपनीचा बोर्ड घेऊ याचं उत्तर दिलंच नाहीत, उलट मलाच विचारत बसलात. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायच्या डिस्क, किती लावणार? एक, फार तर दोन. ग्राफिक्स कार्ड? एकच. ओव्हरक्लॉक करणार, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणार? नाही. मग म्हणालात, "घरात माणसं तीन, आणि तू चार चुली मांडतेस." त्या एका वाक्याने माझा सहा महिन्यांचा गोंधळ संपला.

रायझन ५ ७६०० म्हणजे ६५ वॉटचा प्रोसेसर, जोर लावला तरी ८८ वॉटच्या आसपास थांबतो, त्याला बी६५० या त्याखालच्या चिपसेटचा नीट बनवलेला बोर्ड भरपूर झाला. पण अगदी स्वस्तातला, व्हीआरएमवर हीटसिंकच (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसलेला घेऊ नको म्हणून बजावलंत, आणि ते का ते पण समजावलंत. एसएमपीएसकडून, म्हणजे मशीनच्या पॉवर सप्लायकडून, १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला लागतो साधारण सव्वा व्होल्ट, हे खाली आणायचं काम व्हीआरएम करतो आणि त्यात तो तापतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत हवाच आधी तापलेली असते. पुढे कधी ७८००एक्स३डी हा मोठा प्रोसेसर टाकला, तो १२० वॉटचा, तरी हाच बोर्ड चालेल. एएम५ सॉकेटला (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) २०२७ आणि पुढेही नवे प्रोसेसर देणार असं प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीने सांगितलंय, आणि आधीच्या एएम४ला २०२४मध्येही नवे प्रोसेसर येत होते, त्यामुळे हे नुसतं बोलणं नाही हेही तुम्हीच दाखवलंत.

आणि बायॉस फ्लॅशबॅकचं बटण. मी ते लिस्टमध्ये बघितलंच नव्हतं. बायॉस, म्हणजे बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर, नव्या प्रोसेसरला जुना पडला तर प्रोसेसर न लावता नुसत्या पेनड्राइव्हवरून तो बदलता येतो. तुम्ही म्हणालात, मुंबईच्या पोराला त्याचं तेवढं नाही, तो बोर्ड घेऊन दुकानात जाईल, तू हर्णैत बसून कोणाचा प्रोसेसर उसना मागणार? इतका विचार कोण करतं हो दुसऱ्याच्या मशीनचा.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो तुम्ही माझा मेलेला बोर्ड उलटा करून खिडकीत धरलात तो क्षण. लॅनच्या (नेटच्या केबलीच्या) पोर्टाशी आणि बॅटरीच्या घरापाशी पितळेच्या समईवर चढतो तसा हिरवा कळंक. सहा वर्षं मी तो समुद्राकडच्या खिडकीखाली ठेवला होता, वारा छान येतो म्हणून. खारी हवा आत जाते, पावसाळ्यात दमट होते, मीठ ओलं होऊन तांबं खातं. बोटीवरच्या सेटांचं हेच होतं म्हणून तुम्हाला बघताक्षणी कळलं. व्हिडिओवाले चांगलं शिकवतात, मी त्यांच्याकडूनही शिकलेय, पण मीठ त्यांच्या हिशोबात नसतंच.

मग जुलैत दादरला काकींकडे उतरून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेले. दुकानातच खोकं उघडायला लावलं, सॉकेटवरचं काळं झाकण उचलून मोबाइलच्या टॉर्चने पिना बघितल्या, एएम५ला पिना प्रोसेसरला नसून बोर्डात असतात, १७१८, आणि एक जरी वाकलेली घरी येऊन दिसली तर वॉरंटीत कोणी ऐकत नाही हे तुमचं वाक्य डोक्यात होतं. दुकानदार वैतागला नाही, उलट त्याने स्वतः दुसरा टॉर्च धरला. बी६५०चा मायक्रो एटीएक्स, म्हणजे लहान आकाराचा बोर्ड, १३ हजारांत. वाचलेल्या १४ हजारांतले ९ ग्राफिक्स कार्डात गेले, उरलेल्यात यूपीएस आला. खेडला उतरून एसटीत खिडकी बंद करून बोर्ड मांडीवर धरून बसले होते, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, बाहेर धो धो.

जोडणी मी एकटीने केली. रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, तुम्ही कागदावर चित्र काढून दिलं होतंत तशा. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. बोर्डावर रॅमचा पिवळा दिवा पेटलेला. एक मिनिट, दोन मिनिटं, काही नाही. हात गार पडले माझे. रात्री साडेनऊला तुम्हाला फोन लावला, तुम्ही जेवत होतात, म्हणालात, "हात लावू नको. डीडीआर५ रॅम आहे, पहिल्यांदा रॅमची ओळख करून घेतो तो, वेळ लागतो. मी फोनवर आहे." आणि खरंच ताट समोर ठेवून फोनवर थांबलात. दिवा विझला, बायॉसची स्क्रीन आली, तेव्हा आईसुद्धा रडली माझ्याबरोबर.

अर्थिंगबद्दल तर घरातले सगळेच तुमचे ऋणी आहोत. कॅबिनेटला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही मीटर घेऊन घरी आलात, फेज आणि अर्थिंगमध्ये २३० व्होल्टच्या जागी १४० दाखवत होता. आमच्या जांभ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला होता, वर्षानुवर्षं कोणी बघितलंच नव्हतं. बाबांनी खड्डा उकरून कोळसा आणि मीठ भरलं, आता उन्हाळ्यात तुळशीबरोबर त्यालाही रोज पाणी घालायचं ठरलंय. आईला फ्रिजचा शॉक बसायचा तोही थांबला.

या ऑक्टोबरात परत तसाच पाऊस आला, काका. ढग वाजायला लागले तशी मी प्लग काढला आणि लॅनची केबलही काढली, फायबरच्या काचेतून वीज येत नाही पण राउटरच्या अॅडॉप्टरमधून केबलीत येते हे आता पाठ आहे. शेजारच्या दोन घरांत राउटर गेले. आमचं मशीन दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं चालू झालं. आता ते आतल्या भिंतीला आहे, समुद्राकडे नाही, आणि पावसाळाभर गेम खेळायचा नसला तरी रोज अर्धा तास चालू ठेवलं, आतली ओल सुकावी म्हणून.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी फराळ घेऊन येतेय. जुन्या मशीनचा एसएमपीएस चांगला आहे, तुम्हाला टेस्टिंगला हवा होता ना, तोही घेऊन येते. आणि शाळेतला एक मुलगा आहे, त्याची पण लिस्ट आहे, २२ हजारांचा बोर्ड लिहिलाय त्याने. त्याला बरोबर आणलं तर चालेल ना?